माणूस धरायचा की जागा?

आपल्या कॉलेजचा बास्केटबॉल संघ अंतिम सामना हरून पंधरवडा होत आला, आणि तेवढ्यात निकालपत्र लिहूनही झालं: सरांनी बचावाला झोन लावला, म्हणून पोरं हरली. रंकाळ्यावर फिरायला येणारे माजी खेळाडू हेच म्हणतात, मंगळवार पेठेतल्या चहाच्या गाड्यावर हेच ऐकू येतं, आणि ज्यानं जन्मात बास्केटबॉल हातात धरला नाही पण शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉलचा एक सामना चुकवत नाही, तोही हेच सांगतो. आता काही जुन्या खेळाडूंनी संस्थेला अर्ज द्यायचं ठरवलंय. नवा प्रशिक्षक नेमा, आणि त्यानं मॅन-टू-मॅनच खेळवायचं अशी अट घाला, असं त्यांचं म्हणणं. मला हा अर्ज चुकीचा वाटतो. झोन लावायचा निर्णय त्या संध्याकाळी हातात जे होतं ते बघता बरोबर होता. सामना गेला तो रिंगखाली नव्हे, कोर्टाच्या दुसऱ्या टोकाला. आणि वाद असाच घालत राहिलो तर पुढच्या वर्षी सर बदललेले असतील, हार मात्र हीच असेल.

ज्यांचा या खेळाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मॅन-टू-मॅन म्हणजे प्रत्येकाला समोरचा एक खेळाडू वाटून दिलेला. तो जाईल तिकडं जायचं. झोनमध्ये माणूस नाही, जागा वाटून दिलेली असते. आपण लावला तो टू-थ्री: दोघं पुढं, तिघं मागं रिंगपाशी. चेंडू सरकेल तसे पाचही जण एका दोरीत ओवल्यासारखे सरकतात.

विरोधकांचं जे खरं आहे ते आधी मान्य करतो, कारण त्यांच्यात नुसते बोलघेवडे नाहीत, विद्यापीठाच्या संघातून खेळलेले लोकही आहेत. टू-थ्रीचं भोक कुठं असतं हे जगजाहीर आहे: कोपऱ्यात. तीन गुणांची रेषा समोरून रिंगपासून ६.७५ मीटर लांब असते, कोपऱ्यात मात्र साइडलाइनमुळे ती ६.६० मीटरवर येते. म्हणजे जिथं झोनचा माणूस सगळ्यात उशिरा पोचतो तिथंच अंतर सगळ्यात कमी. समोरच्या संघानं हेच केलं. चेंडू फ्री थ्रो रेषेपाशी उभ्या असलेल्या पोराकडं टाकायचा, आपले मागचे दोघं त्याच्यावर धावले की डाव्या कोपऱ्यात लांब पास. तिसऱ्या क्वार्टरमध्ये तो कोपऱ्यातला सडपातळ पोरगा एकाच जागेवर उभा होता आणि आपल्या विंगचा, म्हणजे मागच्या रांगेत कडेला उभा असलेला, माणूस दर वेळी दोन पावलं कमी पडत होता. दुसरी गोष्ट रिबाउंडची, म्हणजे हुकून परत उडालेल्या चेंडूची. झोनमध्ये बॉक्स आउट करायला, म्हणजे पाठीनं रिंगपासून अडवून धरायला, ठरलेला माणूसच नसतो. शॉट हुकला की चेंडू कुणाचा, हे ज्याच्या त्याच्या हुशारीवर. आपण एकदा सलग तीन रिबाउंड त्यांना दिले आणि तिसऱ्याला बास्केट झालं. आणि हेही खरं की सरांनी टाइमआउट उशिरा घेतला. कोपऱ्यातून दुसरा शॉट पडला तेव्हाच मागच्या रांगेला सरकवायला हवं होतं.

सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळाच आहे. तो असा, की झोन हा शिकवायचा कंटाळा असलेल्या प्रशिक्षकाचा आसरा आहे. पाय कसे टाकायचे, वाटेत आडव्या उभ्या राहिलेल्या खेळाडूच्या स्क्रीनमधून कसं निसटायचं, पाठ कधी वळवायची, हे शिकवायला वर्ष जातं. झोन आठवड्यात उभा राहतो. जपान आणि ऑस्ट्रेलियासारख्या देशांत लहान वयोगटांना झोन खेळवू देत नाहीत, ते याच कारणानं. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. पण तो बारा वर्षांच्या पोराबद्दल आहे. वीस वर्षांचा पोरगा कॉलेजच्या संघात येतो तेव्हा त्याचे पाय शाळेनं घडवलेले असतात, नाहीतर घडवलेले नसतात. आपल्याकडं किती शाळांत बास्केटबॉलचा स्वतंत्र शिक्षक आहे? एकच सर खो-खो, कबड्डी, कवायत आणि स्नेहसंमेलनाचा मांडव एवढं सगळं बघतात. तिथला हिशेब कॉलेजच्या सरांच्या नावावर कसा मांडता? जून ते सप्टेंबर उघड्या सिमेंटच्या कोर्टावर पाणी, मग अंतर्गत परीक्षा, मग विभागीय सामने. त्या मधल्या दिवसांत पाच जणांना मॅन-टू-मॅनची सगळी गणितं शिकवायची म्हणणाऱ्यानं एकदा संध्याकाळी साडेपाचला कोर्टावर येऊन, किती पोरं वेळेवर येतात ते मोजावं.

आता मुद्द्यावर येतो. 'झोन लावला आणि हरलो' या वाक्यातला 'आणि' गुपचूप 'म्हणून' झालाय. शॉट आत पडला की बचाव वाईट, रिंगला लागून बाहेर आला की बचाव चांगला, हा कसला हिशेब? बचावाच्या हातात एवढंच असतं: शॉट कुणी घ्यायचा, कुठून घ्यायचा, किती घाईत घ्यायचा. चेंडू हातातून सुटला की पुढचं त्याच्या हातात नाही. तीनातला एक शॉट टाकणारा पोरगा एखाद्या संध्याकाळी निम्म्याहून जास्त टाकतो, यात चमत्कार नाही. उलट तीन गुणांचे शॉट तीनात एक पडले तर संघाला प्रत्येक शॉटमागे सरासरी एक गुण मिळतो. रिंगखालून त्यांचा उंच सेंटर सहज दोनात एकाहून जास्त टाकत होता, म्हणजे तिथला शॉट महाग. सरांनी महाग शॉट बंद केला आणि स्वस्त उघडा ठेवला. स्वस्त शॉट त्या दिवशी पडले. त्यावर हळहळ करा, पण निर्णय चुकला म्हणू नका.

याचं मोठं उदाहरण अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये आहे. मार्च २०१८. व्हर्जिनिया विद्यापीठाचा संघ ३१ सामने जिंकून, फक्त दोन हरून राष्ट्रीय स्पर्धेत उतरला, देशातला अव्वल मानांकित. त्यांचे प्रशिक्षक टोनी बेनेट यांचा बचाव त्यांच्या वडिलांनी बसवलेला: नावाला मॅन-टू-मॅन, पण चेंडूवर एक जण आणि बाकीचे चौघं आत दाटीनं उभे. बाहेरून हवे तेवढे मारा, आत येऊ देणार नाही. पहिल्याच फेरीत गाठ पडली मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेशी, म्हणजे गटातल्या सोळाव्या, शेवटच्या मानांकिताशी. तोवर पहिला मानांकित संघ सोळाव्याकडून कधीच हरला नव्हता. १३५ पैकी १३५ वेळा जिंकला होता. मध्यंतराला २१-२१. शेवटी ५४-७४. प्रतिस्पर्ध्यांनी तीन गुणांचे २४ शॉट मारले, १२ पडले. दुसऱ्या दिवसापासून जो तो सांगू लागला, हा बचाव मोठ्या स्पर्धेत चालत नाही, जुनाट आहे, बाहेरचे शॉट उघडे सोडतो. आपल्या चहाच्या गाड्यावरचीच वाक्यं, फक्त इंग्रजीत. बेनेटनी बचाव बदलला नाही. पुढच्या वर्षी, एप्रिल २०१९ मध्ये, त्याच बचावावर व्हर्जिनिया जादा वेळेत टेक्सास टेकला ८५-७७ हरवून राष्ट्रीय विजेता झाला. अंतिम सामन्यात २७ गुण करणारा डिआंड्रे हंटर आदल्या वर्षी त्या पराभवाच्या वेळी मनगट मोडून बाहेर बसला होता, ही गोष्ट टीका करताना फार थोड्यांच्या ध्यानात होती. आणि त्या रात्री व्हर्जिनियाचे स्वतःचे तीन गुणांचे २२ पैकी फक्त चार शॉट पडले होते. हरले ते बचावामुळे की त्या १८ हुकलेल्या शॉटमुळे?

आपल्याकडंही एक हंटर बाहेर होता, हे सोयीस्करपणे विसरलं जातंय. पहिल्या क्वार्टरमध्ये सरांनी मॅन-टू-मॅनच लावलं होतं! अर्ज लिहिणाऱ्यांपैकी निम्मे तेव्हा पार्किंगमध्ये असावेत. त्यांच्या चेंडू खेळवणाऱ्या गार्डनं सेंटरची स्क्रीन घेऊन दर वेळी आपल्या सेंटरला चेंडूपुढं ओढलं आणि मध्यंतराच्या आत त्याच्या नावावर चार फाउल लागले. पाचव्याला बाहेर. त्याच्या जागी यायला उंचीचा दुसरा पोरगा नाही. एक होता तो परीक्षेमुळं आलाच नव्हता. शेवटच्या क्वार्टरमध्ये हा आमचा सेंटर दोन्ही हात पाठीमागं बांधल्यासारखे धरून रिंगखाली उभा होता, पंचांना दाखवत की मी हात लावलेला नाही. हे ज्यानं पाहिलं त्यानं सांगावं, या पोराला घेऊन मॅन-टू-मॅन कसं खेळवायचं? झोननं निदान त्याला शेवटच्या शिट्टीपर्यंत कोर्टावर ठेवलं.

यावर उत्तर येतं ते खास कोल्हापुरी. 'हरलो असतो तरी चाललं असतं, पण भिडून हरायचं. झोन म्हणजे नुसती खडाखडी.' खासबागेत बसून कुस्त्या बघितलेल्या गावाला निकाली कुस्ती हवी असते, मान्य. अंगाला अंग न लावता वेळ काढणाऱ्याला इथं शिट्ट्याच मिळतात. पण त्याच खासबागेत जाणता माणूस चितपट होण्याआधीच सांगतो की कुस्ती कुणाची, कारण तो पाठ टेकण्याकडं बघत नाही, पकड कुणाची बसली तिकडं बघतो. हीच नजर बास्केटबॉलच्या कोर्टावर येताना कुठं हरवते? तिथं आपण फक्त गुणफलक बघतो.

कुणीतरी पावनखिंडीचाही दाखला दिला. 'बाजीप्रभूंसारखं छातीला छाती लावून लढायला पाहिजे होतं.' अहो, जुलै १६६० मध्ये पन्हाळ्याहून विशाळगडाकडं जाताना बाजीप्रभूंनी नेमकं काय केलं? त्यांनी माणूस धरला नाही, जागा धरली. पाठलागावरचा कुठला स्वार कुणी अडवायचा याची वाटणी झाली नव्हती. खिंडीच्या तोंडातून कुणी पुढं जाता कामा नये, एवढंच ठरलं होतं. मोकळ्या मैदानात ती मूठभर माणसं किती वेळ टिकली असती? दाखला द्यायचाच तर तो झोनच्या बाजूनं जातो.

अमेरिकेच्या व्यावसायिक लीगनंही झोनवर बंदी घातली होती, असं एकानं मोठ्या तावातावानं सांगितलं. घातली होती, बरोबर. १९४६-४७ च्या पहिल्याच हंगामात घातली आणि २००१ मध्ये उठवली. पण का घातली? झोन भ्याडपणाचा आहे म्हणून नव्हे. गुण कमी होतात, तिकीट काढून आलेला प्रेक्षक कंटाळतो म्हणून. बंदी घालावी लागली यातच झोन किती अवघड जातो त्याची कबुली आहे. कॉलेजच्या खेळात तिथंही कधी बंदी नव्हती. आणि झोनच्या जन्माची जी गोष्ट सांगतात ती तर आपल्याला जवळची वाटावी: १९१४ च्या सुमाराला वेस्ट व्हर्जिनियातल्या एका गावात गळक्या छपराखाली ओल्या फरशीवर पोरं घसरायला लागली, माणसामागं धावणं जमेना, म्हणून कॅम हेंडरसन यांनी जागा वाटून दिल्या. पावसाळ्यात आपल्या कॉलेजच्या कोर्टावर शेवाळ धरतं तेव्हा कुणीही हेंडरसन होईल.

निकालावरून डावपेच ठरवायची आपली खोड जुनी आहे. पानिपतावर अडीचशेपेक्षा जास्त वर्षं आपण हाच वाद घालतोय: भाऊसाहेबांनी गनिमी कावा सोडून गोलाची लढाई धरली, म्हणून घात झाला. गोल म्हणजे काय? तोफा आणि गारद्यांच्या आधारानं, आकार न मोडता सरकत जायचं. यात आणि झोनमध्ये फरक माणसांच्या संख्येचा. पण तोच इब्राहिमखान गारदी आणि त्याच तोफा घेऊन याच भाऊसाहेबांनी वर्षभरापूर्वी, फेब्रुवारी १७६० मध्ये, उदगीरला निजामाला नमवलं होतं. तेव्हा कुणी म्हटलं नाही की ही पद्धत आपल्या मातीतली नाही. १४ जानेवारी १७६१ ला काय बदललं? दोन महिन्यांहून जास्त कोंडी, रसद तुटलेली, माणसं आणि जनावरं उपाशी, सोबत यात्रेकरू आणि बुणगे. आणि लढाई ऐन रंगात असताना गारद्यांच्या बाजूनं काही घोडदळ आकार मोडून पुढं धावलं, तोफांच्या तोंडातच आलं, असं मानणारे अभ्यासक बरेच आहेत. म्हणजे गोल हरला की गोल मोडला म्हणून हरले? मोडला असेल तर का मोडला? आदेश पोचला नाही, की पोटात अन्न नसलेल्या माणसाला धीर धरवला नाही? 'पद्धत चुकली' म्हटलं की यातला एकही प्रश्न विचारावा लागत नाही. म्हणूनच ते उत्तर इतकं लोकप्रिय.

आपला आकारही मोडला, तो कुठं ते सांगतो. शेवटच्या क्वार्टरमध्ये त्यांनी केलेल्या बास्केटांपैकी बरीच आपला झोन उभा राहायच्या आधीच झाली. आपण पुढं चेंडू घेऊन जायचो, पहिल्याच पासनंतर कुणीतरी सात मीटरवरून घाईचा शॉट मारायचा. २४ सेकंद हातात असताना आठव्या सेकंदाला. लांबचा शॉट हुकला की चेंडू लांबच उडतो, रिंगखाली पडत नाही. तो त्यांच्या गार्डच्या हातात, आणि आपले चौघं अजून पुढंच. दोनदा तर मध्यरेषेवरच पास कापला गेला. आमचा पॉइंट गार्ड डावीकडं बघून उजवीकडं पास द्यायचा, हे त्यांनी पहिल्या अर्ध्या तासातच हेरलं होतं. एकटा पोरगा मोकळ्या रिंगकडं धावतो, मागून आपला कुणीतरी टी-शर्ट ओढायच्या बेतात येऊन थांबतो, आणि गॅलरीतून आवाज येतो, 'बघा, झोन!' कसला झोन? तिथं माणूसही नव्हता आणि जागाही. मॅन-टू-मॅन लावलं असतं तर त्या पोराला कुणी धरलं असतं? ज्याला तो वाटून दिलाय तो तर समोरच्या रिंगखाली हात वर करून फाउल मागत उभा होता.

टीका करायचीच तर इथं करा, आणि ती सरांवर येते, बरीच येते. बचावासाठी त्यांच्याकडं आराखडा होता. टाइमआउटमध्ये बोर्ड नव्हता तर खडूनं जमिनीवर काढून दाखवला. चढाईसाठी तसं काहीच नव्हतं. समोरच्यानं प्रेस लावला, म्हणजे आपल्याच अर्ध्यात येऊन दाबलं, तर चेंडू मध्यरेषेपलीकडं कुणी आणि कसा न्यायचा, याची तयारी दिसली नाही. शॉट मारल्यावर मागं पळायचं कुणी, हेही ठरलेलं नव्हतं. अर्जात यातला एक शब्द नाही. 'मॅन-टू-मॅनच खेळवा' अशी अट घातलेला नवा माणूस येईल, अट पाळेल, आणि मध्यरेषेवरचे पास तसेच कापले जातील.

अटीचा आणखी एक तोटा आहे. प्रशिक्षकाला एकदा कळलं की हरल्यावर कुठल्या गोष्टीसाठी बोलणी बसतात आणि कुठल्यासाठी नाही, की तो जिंकायचं सोडून बोलणी टाळायला लागतो. मॅन-टू-मॅन खेळून हरला तर 'पोरं भिडली' म्हणून पाठ थोपटतील; झोन लावून हरला तर अर्ज. मग सेंटरला चार फाउल असले तरी तो झोन लावणार नाही. पोरगा पाचवा फाउल करून बाहेर जाईल, पण सरांची नोकरी राहील.

कोपऱ्याचा प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो झोन सोडून सुटत नाही. एप्रिल २००३ मध्ये न्यू ऑर्लिन्सला सिरॅक्यूज आणि कॅन्सस या अमेरिकन विद्यापीठांचा राष्ट्रीय अंतिम सामना झाला. प्रशिक्षक जिम बोहाइम यांचा सिरॅक्यूज संघ म्हणजे तेव्हा टू-थ्री झोनचं माहेरघर. शेवटचे क्षण, सिरॅक्यूज तीन गुणांनी पुढं, आणि कॅन्ससच्या मायकेल लीच्या हातात चेंडू डाव्या कोपऱ्यात, मोकळा. तोच झोन, तेच भोक, तोच कोपरा. मागच्या रांगेतून हकीम वॉरिक लांब हात घेऊन झेपावला आणि शॉट उडवला, ८१-७८. बोहाइमनी त्या मागच्या रांगेसाठी लांब हातांची पोरं वर्षानुवर्षं शोधून आणली होती. आपल्या विंगला आहे तो पोरगा चिवट आहे, पण मूळचा गार्ड. उंची नाही म्हणून दोन पावलं कमी पडतो. त्याला कितीही ओरडलात तरी तो वॉरिक होणार नाही. उंच पोरं गावात नाहीत असंही नाही. ती फुटबॉलला गोलकीपर म्हणून जातात नाहीतर तालमीत, कारण तिथं पेठ पाठीशी उभी असते, ईर्षा असते, आणि बास्केटबॉलला उघड्या कोर्टावर दोन ट्यूबलाइट.

याच गावच्या राजाराम कॉलेजात शिकलेले खाशाबा जाधव १९४८ ला लंडनला गेले आणि सहावे आले. मातीतला पैलवान, समोर मॅट. तेव्हा कुणी ठरवलं असतं की याची कुस्तीच चुकीची, तर? चार वर्षांनी हेलसिंकीहून ते कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. मधल्या काळात त्यांनी मॅटची सवय केली. माती टाकून दिली नाही.

तेव्हा अर्ज द्यायचाच असेल तर मजकूर बदलून द्या. पहिली मागणी: कोर्टावर छप्पर, निदान पावसाळ्यापुरतं एखाद्या सभागृहात सरावाची सोय. दुसरी: शाळेतल्या पोरांसाठी उन्हाळ्यात शिबिर, आणि तिथं मात्र झोनला पूर्ण बंदी. तिसरी सर्वात स्वस्त. बाकावरच्या दोन पोरांच्या हातात वही द्यायची आणि प्रत्येक सामन्यात लिहायचं: शॉट कुठून झाला, समोर हात होता की नव्हता, चेंडू आपण कुठं गमावला, झोन उभा होता की पोरं अजून पळत होती. दहा सामन्यांची अशी वही समोर ठेवून सरांना बोलवा. मग कडक प्रश्न विचारा. मीही येतो, माझेही दोन आहेत, आणि पहिला त्या उशिरा घेतलेल्या टाइमआउटचा आहे.